पाठ टेकली तरी चालेल, पाठ देऊ नका: पैलवानांनी जिउ-जित्सू कसं शिकावं

कोल्हापूरच्या तालमीत ८ वर्षं घालवून मी नोकरीसाठी पुण्यात आलो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या पहिल्या वर्गाला गेलो. माझ्यासमोर जेमतेम ६० किलोचा, चष्मा काढून बाजूला ठेवलेला एक मुलगा उभा होता. कमरेला जांभळा पट्टा. हात मिळवला, मी दस्ती खेचली (हात ओढायचा डाव), ढाक मारली (पाठ वळवून कमरेवरून फेकायचा डाव), तो खाली. मग त्याने खालूनच पायाने माझा तोल काढला. पडता पडता मी पालथा झालो, कारण पाठ टेकवायची नाही हे अंगात मुरलेलं. छाती मॅटला लागली तेव्हा मनात म्हटलं, वाचलो. तेवढ्यात त्याच्या दोन्ही टाचा माझ्या मांड्यांच्या आत अडकल्या, मनगटाचं हाड हनुवटीखालून सरकलं आणि डोळ्यांसमोर कडेकडेने काळं यायला लागलं. मी मॅटवर हात आपटला, म्हणजे हार मानली. त्याने लगेच सोडलं आणि विचारलं, "ठीक आहे ना, दादा?"

त्या संध्याकाळी हे ६ वेळा झालं. सहाही वेळा मी स्वतःहून पालथा झालो होतो.

गेल्या ५ वर्षांत माझ्यासारखी बरीच पोरं वर्गात आलेली पाहिली: कुणी सांगलीचा, कुणी बारामतीचा, कुणी शाळेत मॅटवरची कुस्ती केलेला. त्यातली निम्मी महिन्याभरात गेली. कुस्तीत इतका घाम गाळूनही एखादा ऑफिसात बसणारा माणूस आपला गळा धरतो, हे सोसत नाही. त्या पोरांना जे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

## १. आधी पाठीचा हिशोब समजून घ्या

कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की संपलं. म्हणून पैलवानाचं सगळं शरीर एकाच गोष्टीसाठी घडतं: पाठ वाचवा. जिउ-जित्सूत पाठ टेकल्याने काहीच होत नाही. तिथे लढत संपते ती समोरच्याने हार मानली की, म्हणजे गळा आवळला किंवा सांध्याला कुलूप बसलं की. पाठीवर पडून लढायची तर त्यांची अख्खी विद्या आहे, तिला गार्ड म्हणतात.

आणि तुमच्या पाठीमागून कुणी चिकटलं तर तो तिथला सगळ्यात मोठा धोका. गुण बघितले की लगेच कळेल. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयबीजेजेएफच्या नियमांत:

- समोरच्याला उभ्याने खाली पाडलं: २
- खालून उलथवून वर आलात (स्वीप): २
- पोटावर गुडघा रोवला: २
- त्याचे पाय ओलांडून बाजूला आलात (गार्ड पास): ३
- छातीवर बसलात (माउंट): ४
- पाठ घेतली, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत: ४

प्रत्येक वेळी ती स्थिती ३ सेकंद धरून ठेवावी लागते. तालमीत ज्यासाठी आपण आयुष्य घालवतो, त्या पाडण्याला २ गुण. पालथं होऊन पाठ दिली तर समोरच्याला ४, आणि वर गळा. ही यादी लिहून आरशाला चिकटवा. मी चिकटवली होती.

## २. जागा निवडताना

पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत साधारण १० वर्षं लागतात, त्यामुळे आपल्या शहरांत काळा पट्टा असलेला शिक्षक मिळेलच असं नाही. जांभळ्या पट्ट्याचा शिक्षकही तुम्हाला पहिली दोन-तीन वर्षं नीट शिकवू शकतो. फक्त एक विचारा: पट्टा कुणाकडून मिळाला? तालमीत आपण "कुठल्या वस्तादाचा पठ्ठा?" विचारतो, तसंच. खरा शिक्षक न अडखळता नाव सांगतो.

एक वर्ग बघायला जा आणि काठावर बसा. दोन गोष्टी बघायच्या. शिक्षक स्वतः पोरांबरोबर रोल करतो का, म्हणजे प्रत्यक्ष लढतो का? आणि कुणी हात आपटला की समोरचा तत्क्षणी सोडतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर पैसे भरू नका.

कपड्यावर, म्हणजे गी घालून, शिकवतात की नो-गी, हेही विचारा. दोन्ही असेल तर उत्तम. पैलवानाला नो-गी लवकर जमतं, कारण पकड सगळी अंगाचीच असते. १९९८ साली अबू धाबीत सुरू झालेली एडीसीसी ही नो-गीतली सगळ्यात मोठी स्पर्धा. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत मार्क केर आणि जेफ मॉन्सन या अमेरिकन कुस्तीगिरांनी विजेतेपदं मिळवली. २०१९ मध्ये कुस्तीतूनच आलेला निक रॉड्रिग्ज निळ्या पट्ट्यावर असताना काळ्या पट्ट्यांच्या गर्दीतून थेट अंतिम फेरीत गेला. तरीही माझं मत असं की पहिलं वर्ष गी सोडू नका. कपडा तुमचा वेग अडवतो आणि ताकदीने सुटायची वाट बंद करतो, म्हणून त्यातच खरी तंत्रं शिकावी लागतात.

## ३. सामान आणि कागदपत्रं

प्रवेशाला बहुतेक ठिकाणी हे लागतं:

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, फोटो
- दुखापतीची जबाबदारी स्वतःची असल्याचं संमतिपत्र; १८ च्या आतल्यांसाठी आई-वडिलांची सही
- गुडघा, खांदा, मान यांची जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांचा कागद

शेवटचं लपवू नका. तालमीत आपण दुखणं सांगत नाही, पण इथे समोरचा नेमका त्याच सांध्याला कुलूप लावणार असतो.

सामान थोडंच आहे. अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड, खिसे आणि चेन नसलेली शॉर्ट, दातांचा गार्ड, बोटांना गुंडाळायची टेप, मॅटबाहेर घालायला चपला आणि नेलकटर. गी पहिल्या महिन्यानंतर घ्या, तोवर वर्गातली मागून चालते. लंगोट खुशाल आतून बांधा, त्याच्याइतका आधार कशाचाच नाही.

स्वच्छतेबद्दल थोडं जास्त लिहितो. आपल्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल पडतं, ती रोज खणली जाते. मॅट हा रबराचा आणि घामाचा प्रकार आहे, त्यावर गजकर्ण फार पटकन पसरतं. वर्ग संपल्यावर घरी पोचायची वाट न बघता तिथेच अंघोळ करा. गी दर वर्गानंतर धुवा, "उद्या वाळवून घालतो" चालणार नाही. अंगावर गोल लाल चट्टा दिसला की तो बरा होईपर्यंत मॅटवर यायचं नाही. एकाचं गजकर्ण बघता बघता बऱ्याच जणांना होतं.

## ४. पहिला महिना: हात आपटायला शिका

हा भाग पैलवानाला सगळ्यात जड जातो, म्हणून इतिहासातली दोन माणसं आठवा.

१९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सूचा एलिओ ग्रेसी आणि जपानचा जुदोपटू मासाहिको किमुरा लढले. किमुराने एलिओचा हात पाठीमागे पिरगाळला. एलिओने हार मानली नाही, हात मोडला, शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकला गेला. त्या कुलपाला आज किमुराच म्हणतात. पुढे १९७६ मध्ये कराचीत जपानी पैलवान अंतोनियो इनोकीने अक्रम पैलवानाला याच कुलपात धरलं. अक्रम भोलू घराण्याचा, गामा पैलवानाच्या नात्यातला. त्यानेही हार मानली नाही आणि त्याचाही हात गेला. दोघंही जिगरबाज होते. पण सांधा जिगर ओळखत नाही.

आपल्याकडे गळा आवळणं किंवा सांधा मोडणं नियमात बसत नाही, त्यामुळे "आता थांबलं पाहिजे" ही जाणीवच पैलवानाच्या अंगात नसते. दुखेपर्यंत थांबू, मग बघू, असं वाटतं. आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटा ताणायच्या कुलपात, दुखायला लागतं तेव्हा अस्थिबंध ताणला गेलेला असतो. माझा उजवा कोपर असाच गेला, दुसऱ्या आठवड्यात. दोन महिने भाकरी डाव्या हाताने मोडली.

म्हणून पहिल्या महिन्याचा नियम: हात सरळ झाला, सोडवता येत नाही, दुखत नाहीये, तरी आपटा. समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारा, हात अडकले असतील तर तोंडाने "टॅप" म्हणा. पायाच्या कुलपात तर आणखी लवकर. टाच पिरगाळायचं कुलूप, हील हूक, दुखतच नाही आणि गुडघा जातो. आयबीजेजेएफ ते फक्त नो-गीत, प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांनाच करू देते. वर्गात कुणी तुमची टाच काखेत धरून वळायला लागला तर अंग झटकून फिरू नका. पैलवानाचा तोच पहिला उद्योग असतो आणि गुडघा तिथेच तुटतो. आपटा आणि उठून विचारा, काय केलं होतं.

## ५. पालथं व्हायची सवय मोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आठ-दहा वर्षांची सवय आहे, ती "लक्षात ठेवतो" म्हणून जात नाही. दम लागला की शरीर जुन्याकडे वळतं. पहिल्या मिनिटाला मी नीट असायचो, चौथ्या मिनिटाला पालथा.

काय करायचं ते असं. तुम्ही खाली पडलात, समोरचा बाजूने छातीवर दाबतोय. तालमीतलं शरीर म्हणतं, त्याच्यापासून तोंड फिरव, पोटावर ये. तुम्ही उलट करा: त्याच्याकडे तोंड करून कुशीवर या. वरच्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड त्याच्या गळ्याला आडवं लावा, दुसरा हात त्याच्या कंबरेच्या हाडाला. ढकलायचं नाही, फक्त खांब उभे करायचे. मग पाय रोवून स्वतःची कंबर मागे सरकवा. त्याला तिथे श्रिंपिंग म्हणतात. कंबर मागे गेली की मधे फट पडते, त्या फटीत गुडघा घाला. गुडघा आत आला की तुमचा गार्ड परत आला.

हे रोज वर्गाआधी दोन्ही बाजूंना २०-२० वेळा करा. जोर-बैठका मोजता तसेच मोजा. मला हे अंगात भिनायला ४ महिने लागले आणि माझ्या मते ज्याला लवकर भिनलं त्याला पुढचं सगळं सोपं गेलं.

तरी कधीतरी पाठ जाणारच. मग क्रम असा. हनुवटी छातीला. समोरच्याचा जो हात गळ्याकडे येतोय त्याला तुमचे दोन्ही हात लावा, एकाला दोन. दुसऱ्या हाताची काळजी आत्ता नको. मग गळ्यावरच्या हाताच्या विरुद्ध बाजूला झुका आणि घसरत घसरत तुमचे खांदे मॅटला टेकवा. हो, सुटण्यासाठी स्वतःची पाठ स्वतःहून जमिनीला लावायची. पाठ जमिनीला लागली की त्याच्या छातीला पाठ उरत नाही. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, "नक्की?" खांदे टेकवताना पोटात जी कळ येते ती तुम्हालाही येईल. येऊ द्या.

## ६. पट काढताना मान सांभाळा

एकेरी पट, दुहेरी पट (समोरच्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं) ही तुमची पुंजी आहे. जिउ-जित्सूवाले उभ्याने फार कमी लढतात, पट काढला की बहुतेक वेळा मिळतो. पण मान खाली घालून, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून घुसलात तर तुमचा गळा त्याच्या काखेत जातो. हा गिलोटिन. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शांघायला यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत उतरलेला आपला भरत खंडारे कुस्तीतूनच गेला होता आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये सापडला. एवढ्या वरच्या पातळीवर जे होतं ते पांढऱ्या पट्ट्यावर दर आठवड्याला होणारच.

उपाय साधे आहेत. कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, डोकं आतल्या बाजूला, नजर वर, पाठ सरळ. घुसून तिथेच थांबायचं नाही, लगेच कोन बदलून बाजूला निघायचं. गळा अडकलाच तर मागे ओढू नका, त्याने फास घट्ट होतो. त्याच्या आवळणाऱ्या मनगटाला एक हात लावा, दुसरा हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाका आणि डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या विरुद्ध बाजूला पायांनी चालत जा. बाजूला पोचलात की त्याच्या हातात जोर राहत नाही.

## ७. तुमचे डाव कुठे बसतात

इथे आनंद आहे. जे शिकलात त्यातलं बहुतेक सगळं कामाला येतं, फक्त शेवट बदलतो.

दस्ती हा माझा इथला सगळ्यात लाडका डाव. हात खेचून बाजूने मागे जायचं, आणि मागे गेलं की थेट ४ गुणांची जागा. बगलडूबही तसंच: काखेखालून डोकं काढलं की पाठ समोर. उभ्याने तर हे चालतंच, बसूनही चालतं, गार्डमधून खालूनही. तालमीत मी बसून दस्ती कधी खेचली नव्हती. इथे रोज खेचतो.

सवारी येत असेल तर अर्धं काम झालंय. वरून पाय अडकवून समोरच्याला जखडायची जाण तुमच्याकडे आहे, आता एकाऐवजी दोन्ही टाचा आत घालायच्या. एक सावधगिरी: मागे बसल्यावर दोन्ही पावलं एकमेकांत अडकवू नका. वरचा पाय त्याच्या पायाखाली सापडतो आणि घोट्याला कुलूप बसतं.

मोळी तर त्यांना फार कोडं पडावं असा डाव. मान आणि पाय एकत्र बांधला की गार्ड ओलांडणं सोपं होतं आणि कासवासारखा बसलेला माणूस उलथतो. इथे चितपट नाही, त्यामुळे मोळी बांधून थांबायचं नाही, तिथून छातीवर जायचं.

घिस्सा मारताना वरून जे वजन टाकता ते तसंच ठेवा. छातीला छाती लावून वजन कसं टाकायचं हे नव्या माणसाला वर्षभर कळत नाही, पैलवानाला पहिल्या दिवशी येतं. माझ्या शिक्षकांनी पहिल्या महिन्यात माझ्या याच एका गोष्टीचं कौतुक केलं होतं.

आता जपून वापरायचे डाव. ढाक हा आपल्या मातीचा अभिमान. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, त्यांची ढाक नावाजलेली होती. पण ढाक मारताना आपण समोरच्याकडे पाठ वळवतो. पूर्ण बसली तर ठीक, अर्धवट राहिली तर तो मागून चिकटतो. धोबीपछाडचंही तेच. मी आता ढाक फक्त त्याचा हात पुरता घट्ट बांधला गेला असेल तरच मारतो, आणि पडल्यावर मान धरून बसून राहत नाही, लगेच हात सोडून छातीवर सरकतो. मान धरून पडून राहायची सवय असेल तर ती सोडा, तुमच्या काखेमागून निसटून पाठ घेणं त्यांना सोपं असतं. कलाजंग चालतो, पण खांद्यावर घेतलेला माणूस गळा पकडायला मोकळा असतो हे ध्यानात ठेवून.

## ८. गार्डच्या आत असताना

तुम्ही वर, तो खाली, त्याचे पाय तुमच्या कंबरेभोवती. पैलवानाला वाटतं आपण जिंकतोय. नाही, आत्ता तुम्ही त्याच्या घरात आहात.

तीन गोष्टी करू नका. हात मॅटवर टेकू नका, कारण टेकलेल्या हाताला किमुरा लागतो. एक हात त्याच्या पायांच्या आत आणि एक बाहेर ठेवू नका. ट्रायँगल, म्हणजे पायांचा फास, नेमका तिथेच बसतो: दोन्ही आत, नाहीतर दोन्ही बाहेर. आणि त्याला उचलून आपटू नका. कमरेला लटकलेला माणूस हातात आला की तालमीतल्या पोराचे हात आपोआप उचलतात. स्पर्धेत असं आपटणाऱ्याला थेट बाद करतात, वर्गात माणसाची मान मोडते.

करायचं काय? पाठ ताठ, कोपर स्वतःच्या बरगड्यांना, उभं राहा आणि उभ्याने पाय उघडा. मांडी ताकदवान असलेल्याला उभ्याने गार्ड उघडणं सगळ्यात सोयीचं पडतं.

आणि आठवड्यातून एक दिवस मुद्दाम खाली बसून सुरुवात करा. शिक्षकांना सांगा, "आज मी गार्डमधूनच लढणार." पैलवान सतत वर राहतो म्हणून त्याचा गार्ड वर्षानुवर्षं कच्चा राहतो. पुढे कुणी वजनदार माणूस त्याला पाडतो तेव्हा हातात काहीच नसतं.

## ९. जोडीदार जपा

पहिल्या आठवड्यात मी एका चाळिशीतल्या गृहस्थांना पूर्ण जोराने ढाक मारली. ते आयटीतले, घरी लहान मुलगी, आठवड्यातून दोनदा यायचे. खांद्यावर पडले, तीन आठवडे आले नाहीत. ते परत आल्यावर मी माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, तुला माहीत नव्हतं." मला माहीत असायला हवं होतं. मातीत पडलेला माणूस मातीत थोडा रुततो आणि पडायची त्याला लहानपणापासून सवय असते. इथे बरेच जण पडायला आत्ता कुठे शिकतायत.

तालमीत आपण प्रत्येक जोडीला जीव तोडून लढतो. इथे वर्गात ५-६ मिनिटांच्या ५-६ फेऱ्या होतात. पहिलीत सगळं ओतलंत तर तिसरीपासून तुम्ही शिकत नाही, फक्त तग धरता. अर्ध्या जोराने लढा, नाकाने श्वास घ्या. तोंड उघडलं की वेग कमी करायची वेळ झाली.

## १०. पहिली स्पर्धा

सहा महिने ते वर्षभराने उतरा. प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटांची असते. नोंदणीला ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि तुमच्या अकादमीचं नाव लागतं. काही स्पर्धांत कुस्तीचा अनुभव असलेल्यांना अगदी नवशिक्यांच्या गटात घेत नाहीत. अनुभव विचारला तर खरा सांगा.

वजनाबद्दल सावध. कुस्तीत वजन देऊन नंतर खायला-प्यायला वेळ मिळायची सवय असते. आयबीजेजेएफच्या नियमाने होणाऱ्या स्पर्धेत वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी होतं, आणि तेही गी आणि पट्टा अंगावर असताना. जास्त भरलं तर तिथेच बाद. पाणी तोडून वजन उतरवलंत तर सुकलेल्या अंगाने लढावं लागेल. मी नेहमीच्या वजनाचाच गट घेतो, आणि आदल्या रात्री गी घालून घरच्या काट्यावर उभा राहतो.

## ११. तालीमही चालू ठेवणार असाल तर

शक्य आहे. मी दरवर्षी गावच्या यात्रेच्या मैदानात उतरतो. पण पहिल्या वर्षी एक चूक झाली: पट हुकला, खाली आलो आणि शरीर गार्डसाठी पाठीवर वळलं. निम्मं वळेपर्यंत वस्तादांचा आवाज आला, "पाठ!" खांदा बोटभर वर होता तेव्हा सावरलो.

तेव्हापासून मैदानाच्या तीन आठवडे आधी मी खाली बसून लढणं पूर्ण बंद करतो. फक्त उभ्याची लढत, वरून दाबणं आणि मातीतला सराव. परत पुण्यात आल्यावर पहिले तीन-चार वर्ग उलटं: वर्गाआधी कुशीवर यायचे ते २०-२०, दोन्ही बाजूंना, मगच रोल.